शिनगारे बाबूंची अतिशय गुप्त फाइल

मुख्याध्यापिका वत्सला ओव्हाळ यांच्या निरोप समारंभाची बैठक चालू असताना वरिष्ठ लिपिक बंकटराव शिनगारे स्टाफरूममध्ये गेले, ते फक्त एका परिपत्रकावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला. बाहेर आले ते समारंभाचे प्रमुख होऊन. मधल्या चार मिनिटांत काय घडलं ते त्यांना पुढे स्वतःलाही नीट सांगता येत नसे. कुणी म्हणालं, शाल-श्रीफळ द्यावं. कुणी म्हणालं, भिंतीवरचं घड्याळ द्यावं. त्यावर बंकटरावांच्या तोंडून निघून गेलं, “चौतीस वर्षं मराठी शिकविलेल्या बाईला घड्याळ काय देता? पोरायच्या आठवणीचं पुस्तक द्या!”

स्टाफरूममध्ये शांतता पसरली. अशी शांतता पसरली की काम आपल्या गळ्यात पडतं, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुरतं शिकलेला माणूस नेमका त्या दिवशी विसरला.

पण एकदा काम घेतलं म्हटल्यावर बंकटरावांनी ते मनापासून घेतलं. विज्ञानाच्या समाधान सरांनी एक ऑनलाइन फॉर्म करून दिला. ऑफिसच्या संगणकावर शाळेचं अकाउंट कायम उघडंच असायचं, त्यात फॉर्म आणि त्याची उत्तरं जमा होणारी शीट तयार झाली. फॉर्मची लिंक माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर गेली, खाली ठळक सूचना: मॅडमना एकतीस जानेवारीपर्यंत कळता कामा नये. दहा दिवसांत एकशे सत्त्याऐंशी आठवणी जमल्या. संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या नर्सची आली, तेलगावच्या ट्रॅक्टरवाल्याची आली, पुण्यातल्या दोन इंजिनिअरांची आली, ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेल्या नऊ जणांची उसाच्या फडातून आली. बंकटरावांनी शीटला नाव दिलं, ‘अतिशय गुप्त – ओव्हाळ मॅडम निरोप’. फाइलच्या नावावरून आतला मजकूर कळलाच पाहिजे, हा त्यांचा दप्तरी बाणा. गुप्ततेशी त्याचा काही विरोध आहे असं त्यांना वाटलं नाही.

समाधान सर पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला निघाले, तेव्हा गाडीला किक मारता मारता म्हणाले, “बाबू, एकेक आठवण कॉपी-पेस्ट करत बसू नका. शीटला एक ॲड-ऑन लावून ठेवलंय. बटण दाबलं की दर आठवणीचं एक पान तयार. नाव, फोटो, चौकट, सगळं.”

ॲड-ऑन म्हणजे काय हे बंकटरावांनी स्वतःलाच समजावून सांगितलं. शीट म्हणजे ट्रॅक्टर. ॲड-ऑन म्हणजे त्याच्यामागं जोडायचं अवजार. ट्रॅक्टर तोच, मागं नांगर लावा, नांगरतो, पेरणीयंत्र लावा, पेरतो. आपण फक्त सीटवर बसायचं. सत्तावीस तारखेला सकाळी साडेदहा वाजता ते सीटवर बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली: ‘तुम्हाला या फाइलचा ॲक्सेस नाही. मालकाकडे परवानगी मागा.’

बंकटरावांनी चष्मा पुसला. पाटी तशीच. फाइल त्यांनी उघडलेली, नाव त्यांनी ठेवलेलं, एकशे सत्त्याऐंशी जणांच्या मागे लागून ती भरून घेतली त्यांनी, आणि हे कालचं अवजार त्यांना विचारतंय, तुम्ही कोण? तरीही, नियम म्हणजे नियम. त्यांनी ‘परवानगी मागा’ दाबलं. दुसऱ्या क्षणी शाळेच्या मेलवर अर्ज आला. अर्ज मंजूर करणारेही तेच. त्यांनी तो तातडीनं मंजूर केला. सव्वीस वर्षांत इतक्या झटपट निघालेला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळे घटकाभर त्यांना बरं वाटलं. मग पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच पाटी. समाधान सरांना फोन लावला, तर तो प्रशिक्षणात बंद.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यांनी ही गोष्ट बायकोला, वनिताबाईंना, सांगायला घेतली. पण आमटी वाढून होईपर्यंत कट्ट्यावरून शेजारचे तात्याबा आत आले. तात्याबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीतल्या कुठल्याही यंत्राचा आवाज बदलला की ते आधी हजर.

“त्याच्यात काय हाय येवढं?” तात्याबा म्हणाले. “माझा मोबाइल बी असाच करायलता. समद्यातून बाहीर निघायचं. समदं बंद. मंग परत आत जायचं. गाडी गरम झाली तर आपण काय करतो? बंद करून थंड होऊ देतो का न्हाई?”

“अवो, त्यापरीस मॅडमलाच इचारा की,” वनिताबाई म्हणाल्या. “त्यायला समदं येतंय.”

दोघा पुरुषांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच विचारायचं? बायकांना गुप्त कामाची रीत कळत नाही, असं तात्याबा म्हणालेही, आणि वनिताबाईंनी त्यांना वाढायला घेतलेली भाकरी टोपलीत परत ठेवली.

बंकटराव ऑफिसात आले आणि तात्याबांच्या सल्ल्याप्रमाणे एकूण एक अकाउंटमधून बाहेर पडले. संगणक बंद केला. थंड होऊ दिला. स्वतःही एक कप चहा घेतला. मग संगणक सुरू केला, शाळेच्या अकाउंटचं नाव लिहिलं, आणि पडद्यानं अगदी साधा प्रश्न विचारला: पासवर्ड?

आता खरी गोष्ट अशी की शाळेच्या अकाउंटचा पासवर्ड त्या ऑफिसात एकाच जिवाला पाठ होता, तो म्हणजे संगणक. आणि त्याला बंकटरावांनी नुकताच विसरायला लावला होता.

त्यांनी शाळेचं नाव टाकून पाहिलं. स्थापनेचं वर्ष टाकलं. संस्थापकांचं नाव टाकलं. पडदा दरवेळी तितक्याच शांतपणे ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणत होता, जसा काही त्याला पगारच तेवढ्याचा होता. शेवटी त्यांनी ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं. पडदा म्हणाला, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे.

सत्तेचाळीस! बंकटरावांच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत शेजारच्या केबिनमध्ये टिंग वाजलं होतं. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी हे अकाउंट मॅडमनीच उघडलं होतं, आपल्या नंबरावर.

ओव्हाळ मॅडम मोबाइल हातात घेऊन दारात उभ्या. “शिनगारे, आपल्या शाळेच्या अकाउंटमध्ये कुणीतरी शिरायला बघतंय.”

“कोण?” बंकटरावांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक नव्हता, पण आवाजातली भीती अस्सल होती.

आता इथे एक सांगायला हवं. महिन्यापूर्वी शाळेत सायबर जागृतीचा कार्यक्रम झाला होता. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली होती, ‘मी माझा ओटीपी कुणालाही सांगणार नाही.’ बाकीच्यांनी शपथ घेतली आणि ते वडापाव खायला गेले. ओव्हाळ मॅडमनी मात्र ती खरोखर घेतली होती. कुठलीही गोष्ट अर्धी घ्यायची त्यांना सवयच नव्हती. बंकटरावांनी तरी धीर करून विचारलं, “मॅडम, शिष्यवृत्तीची माहिती भरायची होती, तर तेवढा पासवर्ड…”

“चला, मी येऊन बसते. दोघं मिळून भरू.”

“नको, नको! ती… भरली.”

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “हे प्रकरण साधं नाही. मी जाताना शाळेचं अकाउंट चोराच्या हाती देऊन जाणार नाही. शिनगारे, तुम्ही चौकशी करा. कोण आहे, कुठून करतोय, उद्या अकरापर्यंत मला लेखी अहवाल द्या.”

अशा रीतीनं आरोपीच चौकशी अधिकारी झाला. बंकटराव घरी जाऊन दोन तास अहवाल लिहीत बसले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अज्ञात इसमाने अज्ञात कारणास्तव प्रयत्न केल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते. तथापि सदर इसमाचा हेतू वाईट असावा असे वाटत नाही.’ शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं. माणसानं स्वतःविषयी थोडं तरी चांगलं लिहावं.

अठ्ठावीस तारखेला मॅडमनी अहवाल वाचला. “हेतू वाईट नाही, हे तुम्हाला कसं कळलं?” एवढंच विचारलं आणि ‘प्रथमदर्शनी’च्या रफाराभोवती एक गोल काढला, तो बरोबर असूनही. संशय आला की मॅडम बरोबर शब्दही तपासत.

दिवस तीन उरले. नवीन शीट करायची म्हटली तर एकशे सत्त्याऐंशी आठवणी त्या कुलपाच्या आत. पुन्हा सगळ्यांना लिहायला सांगावं, तर फडातल्या माणसाला दुसऱ्यांदा रेंज कधी मिळेल कुणास ठाऊक. तात्याबांनी दुसरा सल्ला दिला: “मोबाइल दोन मिन्टं हातात घ्यायचा, कोड बघायचा, परत द्यायचा. खेळ खलास.”

हे काम शिपाई अजिनाथवर सोपवलं. अजिनाथची पंचावन्न वर्षांत कुणाशी खोटं बोलल्याची नोंद नव्हती, आणि त्याचं कारण सद्गुण नसून त्याला ते जमत नसे हे होतं. तो केबिनमध्ये गेला, म्हणाला, “मॅडम, माझा मोबाइल मेला. घरी एक फोन लावायचाय.” मॅडमनी लगेच दिला आणि समोरच उभ्या राहिल्या. अजिनाथनं बायकोला फोन लावला.

“हॅलो, मी बोलतोय.”

“कुणाचा नंबर हाय हा? काय झालं? पडलात का?”

“न्हाई.”

“मंग कावून फोन केला?”

तिथपर्यंत योजना गेलीच नव्हती. अजिनाथ घामाघूम होऊन म्हणाला, “कसं काय चाललंय?” बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं प्रथमच कसं काय चाललंय विचारल्यावर पलीकडं त्या बाईनं जो आकांत मांडला तो केबिनच्या बाहेरपर्यंत ऐकू आला. तेवढ्यात बंकटरावांनी ऑफिसातून बटण दाबलं, टिंग वाजलं, अजिनाथनं कोड पाहिला, मोबाइल मॅडमच्या हाती दिला. तो धावत ऑफिसात आला आणि म्हणाला, “बाबू, चार, सात, दोन… आन् पुढं आमच्या हिनं लई रडायला सुरवात केली.”

केबिनमधून मॅडमचा आवाज आला, “शिनगारे! फोन चालू असतानाच पुन्हा कोड आला. चोर आता माझे फोनही ऐकतोय. गाडी काढा. पोलीस ठाण्यात जायचंय.”

मोटारसायकलवर पुढे चौकशी अधिकारी, मागे तक्रारदार, अशी ही वरात निघाली. थंडीचे दिवस, पण बंकटरावांच्या सदऱ्याला पाठीवर घाम. वाटेत दोनदा त्यांना वाटलं, गाडी थांबवावी आणि सांगून टाकावं. पण सांगितलं तर पुस्तकातला सगळा जीव जाणार. पोरांनी जिवाच्या आकांतानं इतके दिवस तोंड बंद ठेवलेलं, आणि ते उघडणार कोण, तर प्रमुख स्वतः!

ठाण्यात टेबलाशी हवालदार सर्जेराव गव्हाणे बसले होते. तेही ओव्हाळ मॅडमचेच विद्यार्थी. मॅडमना पाहून ते खाडकन उभे राहिले. बंकटरावांना पाहून त्यांचा चेहरा जरा चमत्कारिक झाला. कारण फॉर्म त्यांनीही भरला होता, बत्तिसावी आठवण त्यांचीच होती. मॅडम बोलत गेल्या तसं त्यांना चोर कोण ते तिसऱ्या वाक्यालाच कळलं.

“संशय कुणावर?” त्यांनी कागद पुढे ओढत गंभीरपणे विचारलं.

“चौकशी शिनगारे करत आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“हां. काय शिनगारे बाबू, लागला का तपास?”

“चालू आहे,” बंकटराव पंख्याकडं बघत म्हणाले.

गव्हाण्यांना बाबूंची दया आली. माणसाला सोडवावं म्हणून ते म्हणाले, “मॅडम, तक्रारीचं बघू नंतर. आदी तुमी सोता आत जाऊन बगा ना, काय चोरीला गेलंय का. न्हाई गेलं तर उगं कागद कावून काळे करायचे?”

सल्ला कायद्याला धरून होता, व्यवहाराला धरून होता, आणि त्याच्याइतका घातक सल्ला त्या आठवड्यात तात्याबांनीसुद्धा दिला नव्हता. बंकटरावांनी टेबलाखालून लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली. मॅडम तोवर मोबाइलवर पासवर्ड लिहीत होत्या, न अडखळता. टिंग वाजलं, कोड आला, तो त्यांनी स्वतःच स्वतःला न सांगता भरला.

अकाउंट उघडलं. सगळ्यात वर फाइल होती, नाव अगदी ठळक.

मॅडमनी ती उघडली. बोटानं हळूहळू खाली सरकवत गेल्या. पंखा कुरकुरत होता. गव्हाणे “चहा सांगतो” म्हणून उठले आणि चहा सांगायला जे गेले ते बाहेर झाडाखालीच उभे राहिले. बंकटराव भिंतीवरची पोलीस पाटलांची यादी वाचायला लागले. ती वाचून झाली, तरी मॅडम मान खाली घालूनच होत्या.

मग त्यांनी मोबाइल पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, रुमालानं चष्मा पुसला. गव्हाणे आत आले तेव्हा त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्यांनी आपोआप कॉलर नीट केली.

“काही चोरीला गेलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “चला, शिनगारे.”

अर्ध्या वाटेत मॅडमनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

“अकाउंटचा पासवर्ड लिहून घ्या. मी गेल्यावर कुणाला तरी माहीत असायला हवा.”

बंकटरावांनी खिशातून पेन काढलं. चौतीस वर्षं फळ्यासमोर न अडखळता उभी राहिलेली बाई रस्त्याच्या कडेला अडखळली. “तो… कोरोनाच्या वेळचा आहे. तुम्ही तेव्हा तीनदा अकाउंट लॉक केलं होतं. मनाला लावून घेऊ नका.”

“सांगा मॅडम.”

“सगळं इंग्रजी अक्षरांत, सलग. बंकटला सांगू नका. आणि पुढे दोन हजार वीस.”

“न्हाई सांगत कुणाला, पण पासवर्ड काय?”

“तोच पासवर्ड आहे, शिनगारे.”

बंकटरावांनी तो लिहून घेतला. कापसाच्या वाळक्या पळाट्या भरलेला एक ट्रॅक्टर शेजारून गेला. पाच वर्षं शाळेच्या अख्ख्या कारभाराचं कुलूप त्यांच्याच नावानं लावलेलं होतं. मान म्हणावा की अपमान, हे त्यांना गाडी सुरू होईपर्यंत ठरवता आलं नाही.

“आन् परत कोड आला तर?” त्यांनी विचारलं. “तुमची शपथ…”

“शपथ सांगायची नाही अशी आहे. लिहून पाठवायची नाही, असं कुठंही म्हटलेलं नाही.”

फाइलबद्दल मात्र मॅडम एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यामुळे बंकटरावही बोलले नाहीत. ज्याला काही माहीत नाही त्याला सांगू नये, आणि ज्याला सगळं माहीत आहे त्याला तर मुळीच सांगू नये.

एकोणतीस तारखेला बंकटरावांनी आपलं अकाउंट उघडलं, मग समाधान सरांनी जाताना पासवर्ड लिहून दिलेलं त्यांचं उघडलं, मग दोन बोटांनी एकेक अक्षर टिपत ‘बंकटला सांगू नका’ लिहून शाळेचं उघडायला घेतलं. प्रत्येक अक्षर लिहिताना जरा टोचत होतं. केबिनमध्ये टिंग झालं. अजिनाथ चिठ्ठी घेऊन आला, तीवर सहा आकडे, वळणदार अक्षरात. कुलूप उघडलं. बटण दाबलं. पाटी आली: तुम्हाला या फाइलचा ॲक्सेस नाही.

बंकटरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. अजिनाथ म्हणाला, “बाबू, चिठ्ठीच्या मागं बी काय तरी हाय.”

मागं लिहिलं होतं: ‘एका संगणकावर एका वेळी एकच अकाउंट उघडे ठेवावे. अनेक असली की शीट एकाच्या नावाने चालते आणि ॲड-ऑन दुसऱ्याच्या नावाने परवानगी शोधते. बाकीची बंद करावीत. मग विचारील तिथे “अनुमती द्या” दाबावे. – असे एका परिचितांनी सांगितले.’

मेलवरचा तो परवानगीचा अर्ज मॅडमनी वाचला असणार. बंकटरावांना सगळं लख्ख दिसलं. ट्रॅक्टर शाळेचा, आणि अवजार समाधान सरांच्या ट्रॅक्टरला जोडलेलं! त्यांनी बाकीची दोन्ही अकाउंट बंद केली. ॲड-ऑननं अनुमती मागितली, त्यांनी दिली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. मग पडद्यावर एक पान आलं, चौकटीत नाव, फोटो, आठवण. मग दुसरं. बंकटराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी अजिनाथला मिठी मारली. अजिनाथनं ती घाबरतच सहन केली. त्याच्या घरात अजून बायको त्याच्याकडे संशयानं बघत होती.

तीस तारखेला सकाळी छापायला द्यायच्या आधी शेवटचं म्हणून त्यांनी शीट उघडली, आणि त्यांना दिसलं की शीटमध्ये आणखी कुणीतरी आहे. एक निळी चौकट एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर सरकत होती. जिथं थांबायची तिथलं अक्षर बदलायचं. ‘शीक्षीका’चं ‘शिक्षिका’ झालं. ‘परीस्थिती’ची वेलांटी आपली जागा बदलून बसली. भिंतीच्या पलीकडे केबिनचं दार लोटलेलं होतं.

बंकटराव हात मांडीवर ठेवून बघत राहिले. नर्सनं लिहिलं होतं, ‘मॅडम कधीच रागावल्या नाहीत.’ निळी चौकट तिथं थांबली, आणि ‘कधीच’ जाऊन तिथं ‘उगीच’ आलं. एका इंजिनिअरनं लिहिलेले ‘महान’, ‘थोर’ आणि ‘देवतुल्य’ हे तिन्ही शब्द गेले. वाक्य होतं त्याहून बरं झालं. स्तुती आपलीच असली तरी तपासायची राहू द्यायची नाही, असं काम चाललं होतं.

मग चौकट बजरंग डोंगरेच्या आठवणीवर आली आणि थांबली. बजरंगनं फडातून लिहिलं होतं. शाळेत असताना तो आईबापाबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचा, तेव्हा मॅडमनी त्याला दहा पोस्टकार्डं दिली होती, सगळ्यांवर आपला पत्ता आधीच लिहून. ‘मी चुकतमाकत लिवायचो. मॅडम लाल शाईनं दुरुस्त करून कारखान्याच्या पत्यावर परत धाडायच्या. मुकादम समद्यांसमोर वाचायचा. आता माजी पोरगी शाळेत हाय. मी तीला मोबाइलवर लिवतो, ती दुरुस्त करती.’

चौकट हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. छापखान्यातून दोनदा फोन आला. बंकटरावांनी अजिनाथला हळूच सांगितलं, “मॅडमला चहा दे. दारात ठिव, आत जाऊ नको.” बऱ्याच वेळानं ‘पत्यावर’चं ‘पत्त्यावर’ झालं. ‘माजी’चं ‘माझी’ झालं. ‘तीला’चं ‘तिला’ झालं. ‘लिवायचो’ आणि ‘समद्यांसमोर’ तसेच राहिले. ते बजरंगचं बोलणं होतं. पण शुद्धलेखनाची एकही चूक मॅडमनी सोडली नाही.

साडेतीन वाजता निळी चौकट शीटमधून निघून गेली. बंकटरावांनी आणखी पाच मिनिटं वाट पाहिली, उगाच, आणि बटण दाबलं. अजिनाथ पेन ड्राइव्ह बनियनच्या खिशात घालून फाट्यावरून बसनं बीडला गेला.

एकतीस तारखेला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. चारशे माणूस जमलं. गव्हाणे साध्या कपड्यांत आले होते, तात्याबा माइकची वायर धरून उभे होते. बंकटरावांनी पुस्तक मॅडमच्या हाती दिलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “अरे! हे काय! मला तर काहीच कल्पना नव्हती!” चौतीस वर्षांत इतका वाईट अभिनय त्या मंचावर झाला नव्हता, स्नेहसंमेलनं धरून. टाळ्या मात्र फार पडल्या.

मग मॅडमची नजर मुखपृष्ठावर गेली. आतलं पान न् पान तपासलेलं होतं. मुखपृष्ठ मात्र बंकटरावांनी छापखान्यात फोनवरून सांगितलं होतं. तिथं मोठ्या सोनेरी अक्षरांत होतं, ‘स्मृतीगंध’.

भाषणं झाली, आभार झाले. मग मॅडमनी टेबल पुढं ओढून घेतलं, पर्समधून लाल पेन काढलं, आणि सोनेरी ‘ती’ची वेलांटी खोडून ऱ्हस्व केली. शेजारची प्रत ओढली, तीही केली. ते बघून समोरची एक बाई आपली प्रत घेऊन पुढं आली. तिच्यामागं दुसरी. बघता बघता रांग लागली, पार नळापर्यंत. मॅडम प्रत घ्यायच्या, वर मान करून चेहरा बघायच्या, नाव घ्यायच्या, गाव विचारायच्या, वेलांटी दुरुस्त करायच्या. ज्यांची प्रत दुरुस्त झाली ते ती सगळ्यांना दाखवत फिरत होते. बिनचूक छापलेलं पुस्तक असतं तर एवढी गर्दी झाली नसती, असं तात्याबा म्हणाले. पण बंकटरावांना त्यात टोमणा वाटला.

सगळ्यात शेवटी बंकटराव स्वतः रांगेत उभे राहिले. मॅडमनी त्यांची प्रत दुरुस्त केली, मग उघडून शेवटून चाळली.

“शिनगारे, यात तुमची आठवण नाही.”

सगळ्यांच्या मागे लागता लागता स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं होतं. “मला ॲक्सेस नव्हता, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडम हसल्या. शेवटचं कोरं पान काढून त्यांनी लाल पेन त्यांच्या हातात दिलं. “आता आहे. लिहा.”

लाल शाईनं बंकटरावांनी जन्मात काही लिहिलं नव्हतं. तो अधिकार त्यांचा नव्हता. ते वाकून उभ्या उभ्याच लिहायला लागले. नोकरीच्या पहिल्या दिवशी आपल्या हातून प्रवेश रजिस्टरच्या दोन पानांवर दौत सांडली होती. ओव्हाळ मॅडमनी ती दोन पानं रविवारी घरी नेऊन स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून आणली आणि कुणाजवळ कधी बोलल्या नाहीत. तो मला आशिर्वादच वाटला. एवढंच त्यांनी लिहिलं, खाली सही केली, आणि सवयीनं तारीखही घातली.

मॅडमनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक मिटून त्यांच्या हाती दिलं.

संध्याकाळी वनिताबाईंनी ते पुस्तक देवापुढं ठेवायला घेतलं, तेव्हा शेवटचं पान उघडून बघितलं. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं.

“अवो, ‘आशीर्वाद’ चुकलंय तुमचं. शी दीर्घ पायजे. दुरुस्त करू का?”

बंकटरावांनी पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतलं. “राहू दे,” ते म्हणाले. “मॅडमनी तपासलंय ते.”